अडतीस टॅब, अडतीस माणसं

माझ्या मावशीच्या मॉनिटरला झालर होती. कागदाच्या चिठ्ठ्यांची. करंगळीच्या नखाएवढ्या रुंद अडतीस चिठ्ठ्या पडद्याच्या वरच्या कडेला ओळीनं चिकटवलेल्या, आणि प्रत्येकीवर उभ्या अक्षरांत एकेक टोपणनाव. कात्री, टपाल, जुळ्यांची आई, खोकला, निळी छत्री, रेडिओ.

मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला हसू आलं. मी संगणकाचं शिकले आहे, दिवसभर एका कंपनीत कोड लिहिते. आमच्या घरात एवढं शिकलेली मी पहिलीच, त्यामुळे सगळ्यांना सुधारायची मला भारी घाई. मावशी मला नावानं हाक मारतच नाही, 'इंजिनीअर' म्हणते, आणि तो शब्द ती अशा सुरात म्हणते की त्यात कौतुक किती आणि चिमटा किती ते मला अजून कळलेलं नाही.

ती एका कचेरीच्या तळमजल्यावर मदतखिडकीत बसते. ज्यांना संगणकावर अर्ज भरता येत नाहीत त्यांचे अर्ज भरून देते. आधी ती तिथंच टायपिस्ट होती. टाइपरायटर गेले आणि तिला खिडकीत बसवलं. "बदली माझ्या बोटांची झाली, मी आहे तिथंच आहे," असं ती सांगते.

प्रत्येक अर्ज पाच पानांचा. चार पानं भरून होतात आणि पाचव्या पानावर हमखास एक कागद कमी पडतो. जन्माचा दाखला घरी राहिला, फोटो जुना निघाला, सही मुलाची हवी आणि मुलगा परगावी. कचेरीची वेबसाइट अशी की अर्धवट अर्ज जपून ठेवायची सोय नाही. पान बंद केलं की सगळं पुसलं, पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. म्हणून मावशी पान बंदच करायची नाही. माणूस कागद घेऊन परत येईपर्यंत त्याचा टॅब उघडा ठेवायचा, मग चार दिवस लागोत की चार आठवडे. संगणकाच्या बटणावर लाल शाईत लिहिलेलं होतं, 'हात लावू नये'.

आता गंमत अशी की सगळे टॅब दिसायला सारखे. अडतीस टॅब उघडले की प्रत्येकावर जेमतेम 'अर्ज'मधला 'अ' दिसतो. म्हणून चिठ्ठ्या. आणि चिठ्ठ्या जागच्या हलू नयेत म्हणून टॅबही कायम अडतीसच. कुणाचं काम झालं की त्याचा टॅब बंद करून त्याच जागी एक कोरा टॅब आणून ठेवायचा. त्याला ती 'रिकामी खुर्ची' म्हणायची. अडतीसाव्या माणसानंतर आलेल्याला सांगायची, खुर्ची रिकामी झाली की बोलावते. दीड वर्षं ही पद्धत बिनबोभाट चालू होती.

दुपारी डबा खाताना मावशी एक वेगळंच वाचन करायची. तिचा ब्राउझर जे लोक बनवतात त्यांनी एक खुलं पान ठेवलं आहे. पुढच्या आवृत्तीत काय हवं ते कुणीही तिथं लिहावं. मी त्याला मागण्यांची यादी म्हणाले तर तिनं मला थांबवलं. मागणी हक्कानं करतात, म्हणाली, हे लोक आशा करताहेत. एका म्हाताऱ्याला बंद करायची फुली टॅबपासून लांब हवी होती, कारण त्याचा हात थरथरतो. एकाला जुनं चिन्ह परत हवं होतं. त्याच्या आईला नवं ओळखता येत नव्हतं आणि ती रोज त्याला फोन करून विचारायची, इंटरनेट कुठं गेलं. एका बाईला हवं होतं की ब्राउझरनं तासाभरानं नुसतं विचारावं, पाणी प्यालीस का. मावशी एकेकाला उत्तर लिहायची. पाणीवाल्या बाईला तिनं लिहिलं, आवृत्ती येईपर्यंत मी विचारते, प्यालात का? त्यावर ती बाई रोज 'हो' लिहायला लागली.

मावशीची स्वतःची आशा चार ओळींची होती. टॅबला आपल्या हातानं नाव देता यावं, टॅब अरुंद झाला तरी ते पूर्ण दिसावं आणि टॅबसोबत हलावं. दोन वर्षांत त्याला अकरा मतं पडली होती. एक माझं, एक माझ्या आईचं. आई म्हणाली, लोकांना नावं ठेवायची हिला लहानपणापासून आवड, आता मशीनही हाताशी हवंय.

मग एक चूक झाली. मावशी दोन दिवस रजेवर होती आणि वरच्या मजल्यावरचे एक कारकून खिडकीत बसले. माणूस सज्जन, नीटनेटका. पाचव्या जागी एक कोरा टॅब उगीचच उघडा दिसला म्हणून त्यांनी तो बंद केला. त्यापुढचे टॅब एकेक घर डावीकडे सरकले. चिठ्ठ्या जागच्या जागी राहिल्या. तिसऱ्या दिवशी 'कात्री' म्हणजे शिवणकाम करणारी बाई तिचे कागद घेऊन आली. मावशीनं चिठ्ठीखालचा टॅब उघडला. पाचव्या पानावर अर्जदाराचं नाव दिसत नाही, फक्त कागद जोडायची जागा असते. तिनं फोटो जोडला, दाखले जोडले, अर्ज पाठवला. तो होता 'टपाल'चा, म्हणजे निवृत्त पोस्टमनचा.

तीन आठवड्यांनी पोस्टमनना ज्येष्ठ नागरिकाचं ओळखपत्र घरपोच आलं. नाव त्यांचं, फोटो शिवणवाल्या बाईचा. ते स्वतः घेऊन आले आणि म्हणाले, जन्मभर दुसऱ्याची पत्रं बरोबर घरी पोचवली, माझं एकच आलं तर बघा कसं. हसले ते. शिवणवाली बाई हसली नाही. तिचा अर्ज दुकानाच्या परवान्याचा होता. जागा ठरवलेली, पाटी रंगवून भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि परवाना दोन महिने लांबला. मावशी तिच्या घरी गेली, चूक माझी आहे असं लिहून सहीनिशी दिलं, आणि परत आल्यावर त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

साहेबांनी तिला बोलावलं. यापुढं एका वेळी एकच अर्ज उघडायचा, कागद कमी असेल त्याला परत पाठवायचं, पुन्हा आल्यावर पहिल्यापासून भरायचा. त्यांच्या बाजूनं ते बरोबरच होतं. पण मावशीच्या डोळ्यांपुढं 'खोकला' उभे राहिले. चार पानांची माहिती सांगायला त्यांना पाऊण तास लागतो आणि मध्ये दोनदा बाहेर जाऊन यावं लागतं. ती म्हणाली, ब्राउझरच्या नव्या आवृत्तीत टॅबला नाव देता येणार आहे, मग अशी चूक होणार नाही. साहेबांनी विचारलं, नक्की? ती म्हणाली, नक्की. साहेबांनी पुढच्या महिनाअखेरपर्यंत मुदत दिली.

संध्याकाळी ती आमच्या घरी आली आणि मला म्हणाली, "इंजिनीअर, मी शब्द देऊन बसलेय. आता तो खरा कर."

हा ब्राउझर लिहायला कुणीही हातभार लावू शकतं. मी लगेच बसले. आठवडाभरात कोड तयार झाला आणि मी तो पाठवला, सोबत चाळीस ओळींचं निवेदन. मेमरी किती लागते, वेग कसा कमी होत नाही, सगळं आकडेवारीसकट. तिथल्या प्रमुखानं दोन ओळींत उत्तर दिलं. इतके टॅब उघडे ठेवायची वेळ येत असेल तर वापरणाऱ्याची पद्धत चुकते आहे. याची गरज कुणाला आहे?

मी चिडून मावशीला वाचून दाखवलं. तिनं चष्मा लावून माझं निवेदनही वाचलं, सावकाश, शेवटपर्यंत.

"हुशार आहे," ती म्हणाली. "पण यात माणूस कुठाय? त्यानं विचारलं ते बरोबरच विचारलं की."

मला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. तिनं दुसऱ्या दिवशी डबा खाता खाता त्या आशांच्या पानावर एवढंच लिहिलं: माझ्या टॅबमध्ये अडतीस माणसं बसली आहेत. तुमच्या टॅबमध्ये कोण आहे?

चार दिवसांत दोनशेच्या वर उत्तरं आली. एका शिक्षिकेनं लिहिलं, एकतीस मुलांच्या वह्या. एका नर्सनं लिहिलं, रात्रपाळीचे नऊ रुग्ण, आणि त्यातले दोन सारख्याच आडनावाचे. परदेशी गेलेल्या एका मुलीनं लिहिलं, एकच टॅब आहे, माझ्या गावच्या हवामानाचा, पण तो मला सापडत नाही. पाणीवाली बाईही होती. तिनं लिहिलं, ही बाई मला रोज विचारते, तिला हवं ते द्या.

प्रमुखानं पुन्हा माझ्या कोडवर लिहिलं. या वेळी गरजेबद्दल नव्हे, तर नाव किती अक्षरांचं असावं याबद्दल. मी मावशीला विचारलं. बारा, ती म्हणाली, टोपणनावाला बारा पुष्कळ झाली.

महिनाअखेरीला दहा दिवस उरले असताना नवी आवृत्ती निघाली. तिच्या माहितीच्या पानावर सातव्या ओळीत आमचं काम होतं. मी ऑफिसातूनच तिला फोन केला. कोपऱ्यात हिरवा ठिपका आला असेल, त्यावर दाब, 'पुन्हा सुरू करा' म्हण, झालं.

मग तिनं विचारलं, "पुन्हा सुरू केल्यावर माझे अर्ज राहतील ना?"

टॅब परत येतात. त्यात भरलेलं परत येत नाही, कारण वेबसाइटच ते जपत नाही. मी नावांचा सगळा विचार केला होता. नावं घेण्यासाठी आधी सगळी माणसं उठवावी लागतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि मग दुसरा प्रकाश पडला. तो हिरवा ठिपका तिच्या पडद्यावर दीड वर्षं होता. रोज दुपारी नव्या आवृत्तीच्या आशा वाचणारी माझी मावशी दीड वर्षं एकच जुनी आवृत्ती वापरत होती, कारण बटण दाबायची तिची हिंमत नव्हती.

मी म्हणाले, दुसऱ्या संगणकावर सगळं उतरवून घेऊ, फोटो काढून ठेवू, पुन्हा भरू. ती म्हणाली, नको, उतरवताना पुन्हा कुणाचं तरी कुणाला जाईल, एकदा झालेली चूक मी कागदावरून कागदावर उतरवत बसणार नाही. अडतीसपैकी एकतीस खुर्च्यांवर माणसं होती. तिनं वही काढली आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. तुमचा राहिलेला कागद घेऊन या. कागद मिळत नसेल तर सांगा, मी विचारते. परगावच्या मुलांनाही फोन गेले, आणि तिनं त्यांना जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी तीन दिवस रजा टाकून शेजारी स्टुलावर बसले आणि स्कॅन करत राहिले. खिडकीसमोरच्या बाकावर जागा उरली नाही. शिवणवाली बाई नुकतीच दुकानात बसायला लागली होती. तिला कुणीतरी हे सांगितलं असावं, ती दुपारी येऊन म्हाताऱ्यांचे कागद क्रमानं लावून द्यायला लागली. मावशीशी फारसं बोलली नाही. जाताना मावशीच्या ब्लाउजची उसवलेली बाही दाखवून म्हणाली, दुकानात या, टाका घालून देते.

शेवटच्या दिवशी एकच टॅब उरला. 'रेडिओ'. हे एकटे राहणारे गृहस्थ, जुने रेडिओ दुरुस्त करायचे. पाच महिने त्यांचा अर्ज पाचव्या पानावर अडकला होता. दर आठवड्याला यायचे, बाकावर तासभर बसायचे, आणि दर वेळी काहीतरी घरी विसरलेलं असायचं. मावशीनं फोन केला तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, आजच यायला हवं का. साडेचारला आले. पिशवीतून कागद काढले. सगळे होते, नीट टाचलेले. टाचणीला गंज चढला होता.

मावशीनं ती टाचणी पाहिली, मीही पाहिली. तिनं कागद जोडले, नाव दोनदा मोठ्यानं वाचलं, अर्ज पाठवला. ते उठले नाहीत.

"म्हणजे आता माझं इथलं काम संपलं," ते म्हणाले.

"थांबा जरा," मावशी म्हणाली.

पडद्यावर अडतीस रिकाम्या खुर्च्या होत्या. एक सोडून बाकीच्या तिनं बंद केल्या, माझ्याकडं पाहिलं आणि हिरव्या ठिपक्यावर दाबलं. पडदा क्षणभर कोरा झाला. तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं, ते मला नंतर लाल वळ दिसले तेव्हा कळलं. ब्राउझर उघडला. मी टॅबवर नाव कसं द्यायचं ते सांगायला हात पुढं केला, तर तिनं तो बाजूला सारला आणि दोन बोटांनी, टायपिस्टच्या जुन्या जोरात लिहिलं: रेडिओ.

"पण माझा अर्ज तर गेला," ते म्हणाले.

"अर्जाचा नाहीये हा," मावशी म्हणाली. "गुरुवारी या. काही आणू नका."

पाच वाजता साहेब खाली आले. उघडे अर्ज किती, असं त्यांनी विचारलं. एकही नाही, मावशी म्हणाली. त्यांनी वाकून पडद्याकडं पाहिलं, तो एकुलता टॅब वाचला, तो कशाचा आहे हेही विचारलं. मावशीनं बाकाकडं बोट दाखवलं. साहेब म्हणाले, ठीक आहे, तुमच्या पद्धतीनं चालू द्या, फक्त पाठवण्याआधी नाव मोठ्यानं वाचत जा. ते तिनं त्याआधीच सुरू केलं होतं, पण तसं ती म्हणाली नाही.

चिठ्ठ्या आम्ही दोघींनी मिळून काढल्या. डिंकाचे अडतीस डाग मात्र मॉनिटरवरून निघाले नाहीत. 'कात्री' मी मागून घेतली, ती माझ्या लॅपटॉपवर आहे. मावशीनं हल्ली नवी आशा लिहिली आहे, अर्धवट भरलेलं पान आपोआप जपलं जावं. चार ओळी, नऊ मतं. त्याखाली पाणीवाल्या बाईनं फक्त 'हो' लिहिलं आहे.