बोळकेभर दही

लेखन हा माझा प्रांत नव्हे, हे आधीच मान्य करतो. संगमनेरच्या एका महाविद्यालयात एकतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवण्यापलीकडे मी काही केलेले नाही, आणि जे शिकवले तेही बहुधा फळ्याकडे तोंड करून. साठ मुलांच्या नजरेला नजर देणे मला निवृत्तीच्या दिवसापर्यंत जमले नाही. अशा माणसाने पंच्याहत्तरी उलटल्यावर कागद पुढे ओढावा आणि अनोळखी वाचकांचा वेळ मागावा, हे धारिष्ट्यच आहे. त्याबद्दल प्रारंभीच क्षमा मागतो. सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे आणि तिच्यात माझी बाजू लंगडी आहे. जिच्यापाशी ती बोलायला हवी होती ती माझी आई. तिच्यापाशी बोलणे झाले नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतो.

बहात्तर सालच्या सप्टेंबरात मी विज्ञान-शिक्षकांच्या एका वर्षाच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला निघालो. वय अठ्ठावीस. तोवर मी एकट्याने केलेला सर्वांत लांबचा प्रवास पुण्यापर्यंतचा होता, आणि त्यातही एसटी लागून दोनदा उतरावे लागले होते. निवड झाल्याचे पत्र आले त्या दिवशी मला आनंद झाला, तो संध्याकाळपर्यंत टिकला. दुसऱ्या दिवसापासून भीती सुरू झाली.

ती भीती मला कोणाला सांगता येण्यासारखी नव्हती. दरवर्षी वर्गात मी कागदाची एक पट्टी ओठांशी धरून तिच्यावरून फुंकर मारीत असे आणि पट्टी वर उचलली गेली की म्हणत असे, "विमान असे उडते." मुले खूश होत. त्या महिन्यात मी खोलीचे दार लावून तीच पट्टी पुन्हा पुन्हा फुंकून पाहिली. पट्टी दर वेळी उचलली गेली आणि दर वेळी मला वाटले, ही तर वीतभर कागदाची पट्टी आहे. टायची गाठ मला येत नव्हती. आमच्या प्राचार्यांनी ती एकदा बांधून दिली, ती मी सोडलीच नाही. गाठीसकट टाय ट्रंकेत ठेवला, फासासारखा. पासपोर्ट, देवी आणि कॉलऱ्याच्या टोचणीचे दाखले, विद्यापीठाचे पत्र, हे सगळे एका पाकिटात होते आणि ते पाकीट मी दिवसातून किती वेळा उघडत होतो याची मला लाज वाटू लागली होती.

निघण्याआधी पंधरा दिवस गावी गेलो. आमचे गाव पाथर्डीच्या बाजूला. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दडी मारून बसलेला. वावरांत काही उगवले नव्हते, जनावरे लोकांनी पाटपाण्याच्या मुलखातल्या पाहुण्यांकडे धाडली होती आणि पिण्याचे पाणी टँकरने येत होते. आई ओसरीत रेशनची तांबडी ज्वारी निवडत बसली होती. मी नऊ वर्षांचा असताना वडील गेले. तेव्हापासून शेत, घर आणि माझे शिक्षण तिने एकटीने ओढले. परंतु घरात काही मंगल असले की ती मागच्या दाराशी जाऊन उभी राही. मी मॅट्रिकच्या परीक्षेला निघालो तेव्हा, कॉलेजला निघालो तेव्हा, नोकरीवर रुजू व्हायला निघालो तेव्हा, दर वेळी माझ्या हातावर दही घातले ते शेजारच्या घरात राहणाऱ्या माझ्या चुलतीने. दही हातावर घेऊन निघालेला माणूस सुखरूप परततो, आणि ते सवाष्णीच्या हातचे असावे लागते, अशी आमच्याकडची समजूत. विधवेने पुढे यायचे नाही. हे कोणी आईला सांगितल्याचे मला आठवत नाही. ती आपणहून मागे जात असे.

त्या दिवशी तिने सुपातून नजर वर न काढता विचारले, "लई लांब हाय का रं ते?"

"आहे लांब."

"वरीसभर न्हाई यायचं मंग."

"नाही."

ती थोडा वेळ खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "ह्या खेपेला दही म्या घातलं तर... चालंल का?"

आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी मोठ्या आवेशात म्हणालो, "चालेल का म्हणजे? तूच घालायचंस. दुसऱ्या कोणी घातलं तर मी जाणारच नाही." आणि वर एक लहानसे व्याख्यानही दिले, या रूढी कशा निराधार आहेत यावर. आईसमोर फळा नव्हता, म्हणून तिच्याकडे पाहूनच बोललो. तिला त्यातले किती कळले कोण जाणे. ती नुसती म्हणाली, "बरं झालं." पण उठताना तिने सूप असे झटकले की ज्वारी अंगणात सांडली, आणि ती हसली.

दही घालायचे तर दही हवे. गावात दूध उरले नव्हते. निघण्याच्या आदल्या दिवशी आई पहाटे उठून दोन कोसांवरच्या एका वस्तीवर गेली, तिथल्या विहिरीला तळाशी पाणी होते आणि एक म्हैस दुभती होती. दुपारी ती परतली तेव्हा तिच्या हातातल्या कडीच्या डब्यात पावशेरभर दूध होते. ते तापवून, कोमट करून तिने लहानशा मातीच्या बोळक्यात विरजले आणि बोळके गोधडीत गुंडाळून कोनाड्यात ठेवले. "हलवू नगं कुनी," असे तिने आम्हा सर्वांना बजावले. घरात आम्ही दोघेच होतो.

संध्याकाळी चुलता आला. थट्टेखोर माणूस. ओट्यावर बसल्या बसल्या त्याने सुरुवात केली. "काय मास्तर, इमानात खिडकी उघडू नका बरं. टोपी उडाली तर खाली समिंदर!"

"मी टोपी घालत नाही, काका."

"मंग डोस्कं सांभाळ. आन् वकारी आली तर? कंडक्टरला घंटी मारायला सांगशील?"

मी हसलो. तोही हसला. मग त्याने तंबाखू मळली, आत आई चुलीशी आहे याची खात्री करून घेतली आणि आवाज खाली आणला. "दह्याचं आयकलं म्या. वयनी बोलल्या आमच्या घरी. तू शिकला-सवरलेला, तुला म्या काय सांगावं? जिमिनीवरचं काम असतं तर तोंड उघडलं नसतं. पर हे इमानाचं हाय."

मी त्याला काही उत्तर दिले नाही. देता आले असते. पंधरा दिवसांपूर्वीचे व्याख्यान पाठ होते. पण "जिमिनीवरचं काम असतं तर" हे शब्द माझ्यात जाऊन बसले. अंथरुणावर पडल्यावर मी कागदाची पट्टी आठवू लागलो आणि मला चुलताच आठवू लागला. मी स्वतःला समजावले की एका माणसाच्या हातचे दही आणि विमानाचे पंख यांचा काहीएक संबंध असू शकत नाही. हे मला पटत होते. मात्र संबंध नाही, तर मग चुलतीने घातले तरी काय बिघडते, असाही एक विचार त्याच्याच मागून आला, आणि तो मी झटकला नाही. भित्र्या माणसाला तर्कशास्त्र असे फार उपयोगी पडते.

सकाळी आठची एसटी होती. आईने टँकरवरून दोन हंडे पाणी एकावर एक डोक्यावर घेऊन आणले, थेंबही न सांडता. मग ती ठेवणीतले निळे लुगडे नेसली. दारात दहा-पंधरा माणसे जमली होती. चुलती तिच्या घरच्या ओट्यावरून उतरून येऊन उभी होती, रिकाम्या हाताने. ती वाईट बाई नव्हती हे मला सांगितले पाहिजे. आईचे मन तिला ठाऊक होते आणि ती मुद्दाम जरा बाजूला उभी राहिली होती.

मी देवाला आणि वडिलांच्या फोटोला नमस्कार करून उंबऱ्यात आलो. सुटाच्या आतून घाम निथळत होता. आई समोर आली. डाव्या हातात बोळके, उजव्या हातात चमचा. दही सुरेख लागले होते, चमच्यावर थरथरत नव्हते इतके घट्ट. कोणी हरकत घेतली नाही, कोणी कुजबुजलेही नाही. मी उजवा हात पुढे केला.

आणि त्या क्षणी मी चुलतीकडे पाहिले.

पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. मी काही बोललो नाही, हात मागे घेतला नाही. फक्त माझी नजर आईच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि परत आली. परत आली तेव्हा आई माझ्याकडे पाहत होती. साऱ्या वर्गाला चुकवीत आलेली माझी नजर तिने नेमकी पकडली होती.

तिने चमचा बोळक्यात ठेवला. वळून म्हणाली, "धाकले, ये गं म्होरं. माज्या हाताला कापरं भरलंय. सांडंल."

"असू द्या की बाई, तुमीच घाला," चुलती म्हणाली.

"न्हाई. सांडंल. त्याला उशीर हुतोय."

बोळके त्या हातातून या हातात गेले. आई माणसांतून वाट काढीत घरात गेली, आणि मला ठाऊक होते की ती मागच्या दाराशी जाऊन उभी राहणार. चुलतीने माझ्या तळहातावर दही घातले. मी ते चाटले. मला हायसे वाटले. हे वाक्य न लिहिता पुढे गेलो असतो तर या लेखाला काही अर्थ उरला नसता. मला खरोखर हायसे वाटले.

एसटी नगरच्या अलीकडे असताना मी कंडक्टरला गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला ओकलो. ज्या दह्यासाठी आई चार कोस चालली आणि ज्याच्यासाठी मी तिला मागच्या दारी धाडले, ते माझ्या पोटात नगरपर्यंतही टिकले नाही. कंडक्टरने पाण्याची बाटली दिली आणि विचारले, "कुठवर जायचंय?" मी सांगितले, "मुंबई." पुढचे सांगायला संकोच वाटला.

विमान उडाले, उतरले. काही झाले नाही. वर्षभराने परत आलो तेव्हाही काही झाले नाही. गावात चुलती जो येईल त्याला सांगू लागली, "माज्या हातचं दही लागलं पोराला." पुढे कितीतरी जण परीक्षेला, नोकरीला, लष्करात जाताना तिच्या हातचे दही मागायला येत. तिच्या हाताची ख्याती झाली आणि ती मी मिळवून दिली.

आईसाठी मी तिकडून लोकरीची शाल आणली होती. ती देताना धीर करून म्हणालो, "आई, त्या दिवशी..."

"कंच्या दिवशी?"

"मी निघालो त्या दिवशी. दह्याचं."

"हात कापत हुता रं माजा," ती शालीची घडी घालत म्हणाली. "म्हातारपन. दुसरं काय."

ती तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती. त्यापुढे ती एकतीस वर्षे जगली आणि शेवटच्या वर्षापर्यंत सुईत दोरा स्वतः ओवीत असे. पण माझ्या लग्नात तिला पुढे बोलावले, तेव्हा ती म्हणाली, हात कापतो. मुलाच्या बारशाला पाळण्याशी बोलावले, तेव्हाही म्हणाली, हात कापतो. ते कारण तिला जन्मभर पुरले. मीही ते प्रत्येक वेळी मान्य केले, कारण ते खोटे आहे असे म्हणायचे तर खरे काय ते मला सांगावे लागले असते.

काही वर्षांपूर्वी माझा मुलगा नोकरीसाठी परदेशी निघाला. माझी पत्नी त्याआधी तीन वर्षे वारली होती. घरात नातेवाईक जमले होते, त्यांत सवाष्णीही पुष्कळ होत्या. मुलगा म्हणाला, "बाबा, दही तुम्हीच घाला." मी वाटी घेतली आणि घातले. तो माझ्याकडेच पाहत होता. कोणी पुढे सरसावले नाही, कोणाची नजर दुसरीकडे गेली नाही. उलट माझ्या मेहुणीने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "आईची जागा भरून काढलीत हो भावोजी." जोडीदार गमावलेला माणूस म्हणून माझी आई आणि मी यांत तसूभर फरक नव्हता. तरीही मला कोणी मागच्या दाराशी जायला लावले नाही, आणि जावे असे माझ्याही मनात आले नाही. वाटी खाली ठेवली तेव्हा मात्र माझा हात कापत होता. खरोखर कापत होता.

वाचकहो, तुम्हाला एकच विचारतो. पोटात भीतीचा गोळा घेऊन त्या सकाळी तुम्ही आमच्या उंबऱ्यात उभे असता, तर कोणाच्या हातचे दही घेतले असते?