अरुदादाचं सुतक

गुरुवारी सकाळी मेथी निवडत बसले होते, तेव्हा हेतलचा फोन आला. "मासी, काका नथी रह्या," एवढंच ती म्हणाली आणि पुढे तिला बोलवेना. हेतल अरुदादाच्या गुडघ्यांचा व्यायाम करून घ्यायला यायची, म्हणून घराची एक किल्ली तिच्याकडे असे. दादा झोपेतच गेला होता. अरुदादा म्हणजे अरविंद, माझा मावसभाऊ... सख्ख्याहून सख्खा. पण रडू येण्याआधी मला काळजी लागली ती वेगळीच. आता स्मशानात कोण कोण समोरासमोर येणार? रेल्वेतले जुने सोबती येतील, नातेवाईक येतील, देवस्थानाचे विश्वस्त येतील आणि हेतलची मित्रमंडळीही येतील. या शेवटच्या दोघांचं काही महिन्यांपासून उघड वैर होतं आणि त्याचं कारण दादाच होता. माझा स्वभाव मुळातच काळजीचा. घरचे म्हणतात, हिला काळजी नसली तर त्याचीच काळजी वाटते. त्या सकाळी मात्र कुणी तसं म्हणालं नाही.

बडोद्याच्या नागरवाड्यात आमची घरं पाठीला पाठ लावून होती. दादा प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात नकाशे काढायच्या कामावर होता. अक्षर असं की माझ्या शाळेतले सगळे सुविचार मी त्याच्याकडूनच लिहून घ्यायची. मावशीने त्याला पुष्कळ मुली दाखवल्या. हा प्रत्येक ठिकाणी पोटभर पोहे खायचा, मुलीच्या वडिलांशी इंजिनांवर गप्पा मारायचा आणि घरी येऊन नकार कळवायचा. मग एके वर्षी किरीटभाई आले. लहरीपुऱ्यात त्यांचं बटणं आणि लेस विकायचं दुकान होतं. दुसरी खोली मिळेपर्यंत म्हणून ते दादाकडे राहायला आले आणि राहिले. आमच्या घरात त्यांना 'भाडेकरू' म्हणत. या भाडेकरूने भाडं दिलेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. दिवाळीत मावशी फराळाचा डबा भरताना म्हणायची, "चार चकल्या जास्त घाल गं, भाडेकरूला आवडतात." तिला सगळं कळत होतं. ती गेल्यावर मी एकदा दादाला म्हटलं, म्हातारपणी तुझं एकट्याचं कसं व्हायचं रे? तो हसला. "मी एकटा कधी होतो गं?" म्हणाला. त्यानंतर मी भाडेकरू हा शब्द सोडला आणि किरीटभाईंना पहिल्यांदा आपल्या मनाने भाऊबीजेला बोलावलं.

निवृत्तीनंतर दादा देवस्थानाच्या अन्नक्षेत्रात जाऊ लागला. मोठ्या सरकारी दवाखान्यासमोर देवळाचा एक हॉल आहे. दवाखान्यात ज्यांची माणसं दाखल आहेत, त्यांना तिथे दुपारचं जेवण मिळतं. गुरुवारची डाळ दादाची. धड मराठी आमटी नाही, धड गुजराती दाळ नाही, अशी खास बडोद्याची. किरीटभाई शेजारी बसून कोथिंबीर निवडायचे आणि गूळ कमी पडल्याची तक्रार करायचे. तिथे एक रीत आहे. ज्याने त्या दिवसाचं अन्नदान केलं असेल त्याचं नाव फळ्यावर लिहितात, आणि पहिलं पान वाढायच्या आधी विश्वस्त दिघेसाहेब ते मोठ्याने वाचतात. अमुक यांच्या स्मरणार्थ, त्यांच्या पत्नीकडून. तमुक यांच्या स्मरणार्थ, त्यांच्या मुलाकडून. पानावर बसलेली माणसं क्षणभर हात जोडतात आणि मग जेवतात. हा फळा रोज दादा लिहायचा. सगळ्या बडोद्याची नाती त्याने त्या सुरेख अक्षरात लिहिली असतील.

मग किरीटभाई गेले. वर्षश्राद्ध जवळ आलं, तसं दादाने त्या दिवसाचं अन्नदान मागितलं. फळ्यावर 'त्यांच्या जोडीदाराकडून' असं लिहायचं आणि तसंच वाचायचं, एवढंच त्याचं म्हणणं. दिघेसाहेब वाईट माणूस नाही. दादाच्या मोतीबिंदूच्या वेळी हाच माणूस त्याला स्कूटरवरून घेऊन गेला होता. पण ते अडून बसले. तसं तुमचं नात्याचं कुणी नाही, 'मित्राकडून' लिहा म्हणाले. देणगीदार जुन्या वळणाचे आहेत, उद्या हात आखडला तर एवढ्या माणसांना काय घालायचं, हा त्यांचा प्रश्न. तोही खोटा नव्हता. मला वाटेत गाठून म्हणाले, "इतकी वर्षं आम्ही चालवून घेतलंच ना, ताई?" मी ते दादाला सांगितलं. सांगायला नको होतं बहुतेक. तो म्हणाला, "फाटकी नोट चालवून घेतात गं."

त्यातच हेतलची मंडळी आली. हेतल एका मुलीबरोबर संसार करते, आणि शहरातल्या अशा समलिंगी मुलामुलींचा त्यांचा एक गट आहे. दादा-किरीटभाईंकडे त्यांचं येणंजाणं होतं. त्यांनीही आपल्या गटाच्या नावाने एका दिवसाचं अन्नदान देऊ केलं. देवस्थानाने घेतलं, पण नाव वाचायचं नाही, गुप्तदान म्हणून घेऊ, असं सांगितलं. वर दिघेसाहेबांनी समजूतही घातली, की गुप्तदान सगळ्यांत श्रेष्ठ, त्याचं पुण्य जास्त. हेतल तिथल्या तिथे म्हणाली, "अमारुं बधुं ज गुप्त राखवानुं?" आमचं म्हणून जे जे आहे, ते सगळं झाकूनच ठेवायचं का? मुलांनी दान परत घेतलं आणि देवळाच्या दारात फलक घेऊन उभं राहायचं ठरवलं. दादाने त्यांना हात जोडले. तिथे येतात त्यांचं माणूस समोर दवाखान्यात ऑपरेशनच्या टेबलावर असतं, ती काही आपलं भांडण बघायला येत नाहीत, म्हणाला. मुलं थांबली, पण रागावलीच. तुमच्यासारखे गप्प बसतात म्हणून यांचं फावतं, असं त्यांच्यातला एकजण त्याला तोंडावर बोलला. इकडून तो निर्लज्ज ठरला आणि तिकडून भित्रा. मी रोज त्याचं ब्लडप्रेशर विचारत होते.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मीही गेले. घरून निघताना दोनदा परत फिरले होते. दादाने फळ्यावर किरीटभाईंचं नाव लिहिलं, खाली आपलं लिहिलं आणि नात्याची जागा कोरी ठेवली. मित्र लिहायला त्याचा हात तयार नव्हता आणि दुसरं लिहायची परवानगी नव्हती. दिघेसाहेबांनी तेवढंच वाचलं आणि चटकन फळ्याकडे पाठ केली. झालं, निभावलं, असं वाटून मी श्वास सोडला. तेवढ्यात पुढच्याच पानावर बसलेल्या एका बाईने, डभोईकडच्या असाव्यात, दादाला सहज विचारलं, "ए तमारे शुं थाय, भाई?" गुजरातेत हा प्रश्न कुणीही कुणाला विचारतं. तो तुमचा कोण लागतो, एवढंच. दादाच्या हातात डाळीचा डाव होता. मला वाटलं, हसून टाळेल. तो म्हणाला, "मारुं माणस हतुं, बेन. आखी जिंदगी साथे रह्या." हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. बाई म्हणाल्या, मग तर फार जड गेलं असेल तुम्हाला, आणि त्यांनी वाटी पुढे केली. त्यांचा नवरा आत दवाखान्यात होता. त्यांना त्याहून जास्त काही विचारायचं नव्हतं.

गोष्ट तिथेच संपायला हरकत नव्हती. पण हेतलच्या गटातल्या कुणीतरी ते फोनवर टिपलं होतं आणि भाबडेपणाने पुढे पाठवलं. संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या बडोद्यात फिरलं. देवस्थानाला फोन यायला लागले, काही कौतुकाचे, बरेचसे शिव्यांचे. हेतल रडत दादाकडे आली, तर यानेच तिला चहा करून दिला. चार दिवसांनी दिघेसाहेब घरी आले. वातावरण निवळेपर्यंत थोडे दिवस विश्रांती घ्या, आम्ही बोलावतो, म्हणाले. दादा बरं म्हणाला. त्याने त्या 'बोलावतो'वर विश्वास ठेवला, याचंच मला फार वाईट वाटतं. पुढचे सगळे गुरुवार त्याने फोन उशाशी ठेवून काढले. मला फोन करायचा आणि इकडचं तिकडचं बोलून विचारायचा, "तुझ्याकडे काही निरोप नाही ना आला?" मी नाही म्हणायची. हेतल म्हणायची, काका, आपण आपलं दुसरं स्वयंपाकघर सुरू करू. त्याला दुसरं नको होतं. त्याला त्याचीच चूल हवी होती... वाढतं वय, त्यात हे वाट बघणं. याला काही होईल, याला काही होईल, म्हणून मी धास्तावलेली असायची. आणि झालंच.

स्मशानात मला वाटलं तसं काही घडलं नाही. मुलं एका बाजूला उभी राहिली, विश्वस्त दुसऱ्या बाजूला. परत आल्यावर मी, हेतल आणि दिघेसाहेब दादाच्या स्वयंपाकघरात होतो. हेतलने पाण्यासाठी ओट्यावरचं झाकण उचललं, तर खाली मोठं पातेलं भरून तुरीची डाळ भिजलेली. बुधवारी रात्री दादाने भिजत घातली होती. सकाळी बोलावणं आलं तर अडायला नको म्हणून. एकट्या माणसाची नव्हती ती, पंगतीची होती. दर बुधवारी असंच करायचा आणि गुरुवारी दुपारी हेतलकडे पाठवून द्यायचा, हे मला तेव्हा कळलं. हेतल दिघेसाहेबांना म्हणाली, घेऊन जा, तुमच्यासाठीच आहे. ते पातेल्याकडे बघत हळूच म्हणाले, की हे सुतकाच्या घरचं अन्न, देवाच्या स्वयंपाकघरात चालायचं नाही. मला वाटलं, आता ठिणगी पडते. हेतलचा आवाज मात्र चढला नाही. "सूतक कोने लागे? तमे तो कहेता हता, काकानुं कोई नथी." सुतक लागणार कुणाला, तुम्हीच तर म्हणत होता की काकांचं कुणी नाही.

दिघेसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली आणि ते निघून गेले. डाळ हेतल घेऊन गेली.

पुढच्या गुरुवारी मी अन्नक्षेत्रात गेले. दादाच्या नावाने एक दिवस मागायचा होता, आणि फळ्यावर काय लिहितील या विचाराने रात्रभर डोळा लागला नव्हता. पाहते तर दिघेसाहेब रस्त्यावर, हॉलच्या पायरीबाहेर, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले. दाढी वाढलेली. आतल्या माणसांना तिथूनच सांगत होते, भात झाका, पाण्याचं बघा. त्या दिवसापासून त्यांनी देवळाची पायरी चढली नव्हती. ओळखीचे एक देणगीदार शेठ आत जाता जाता थांबले आणि त्यांनी विचारलं, दाढी का, कोण गेलं? दिघेसाहेब खाली बघत म्हणाले, "घरनुं माणस."

मला भरून यायला हवं होतं. मला संताप आला. शेठ आत गेल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "एवढंच ऐकायला तो इतके गुरुवार फोनपाशी बसला होता हो. का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली, ताई," ते म्हणाले.

आत पंगत बसली होती, कुणीतरी फळा वाचत होतं. माझं सुतक तीन दिवसांचं, ते केव्हाच फिटलं होतं. मला आत जाता आलं असतं. मी भिंतीकडची दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बाहेरच बसले.