लीटियाची आई येणार होती

लीटियाची आई येणार म्हणून पार उत्तरेकडच्या, बर्फातल्या इक्पिक गावात आठवडाभर नुसती धामधूम चालली होती. लीटिया स्वतः वयाची साठी ओलांडलेली, जिना चढताना गुडघ्यांशी भांडणारी बाई, आणि तिची आई जेमतेम बावीस वर्षांची. यात गावात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. लीटियाची आई तागालिक एका हिवाळ्यात वारली, आणि बर्फ वितळायच्या आत तिकडे दक्षिणेला, ओटावाच्या इस्पितळात, लीटियाच्या मावसबहिणीला मुलगी झाली. लीटियानं त्याच दिवशी फोन लावला आणि सांगून टाकलं, "तिचं नाव तागालिक. आई आली आपली." नाव आलं म्हणजे माणूस आलं, एवढा साधा हिशेब.

तेव्हापासून दर रविवारी फोन. पोरगी बोलायला लागली ती "पोली, जेवलीश का?" असं बोबडं विचारतच, आणि शाळेची मुख्य सफाईवाली लीटिया, जिच्यापुढे मुख्याध्यापकसुद्धा दारातच बूट काढून मोज्यांवर आत येत, ती फोनला कान लावून लहान मुलीसारखी सांगायची, "जेवले गं आई, सील होता आज." पण भेट म्हणाल तर एकदाही नाही. विमानाचं तिकीट इतकं महाग की त्या पैशात इकडे बर्फावरची जुनी गाडी येते. मग यंदा तागालिकला जहाजावर नोकरी लागली. बर्फातून वाट काढत गावोगाव पाहुण्यांना फिरवणारं जहाज, आणि पाहुण्यांना आपल्या लोकांबद्दल सांगायचं हे तिचं काम. "निम्मं मी घरी फोन करून विचारून घेते," तिनं हसत कबूल केलं होतं. आणि त्या जहाजाच्या गावांत इक्पिकचं नाव होतं!

स्वागत समितीची प्रमुख अर्थात लीटिया. तिला कुणी निवडलं नव्हतं, पण दुसरं कोण होतं? सभागृहाची फरशी तिनं दोनदा घासून घेतली. मालाया नावाची तिची शेजारीण पीठ तिंबून बॅनकचे पाव तळत बसली होती आणि तळता तळता निम्मे गट्ट करत होती. नारव्हाल देवमाशाची कातडी खायला चौकोनी कापून ठेवली, सुकवलेले मासे दोरीवरून उतरवले. महापौरांनी गळ्यात टाय बांधला, तेव्हा लीटिया म्हणाली, "हे काढा हो, पाहुण्यांना वाटेल तुम्हाला कुणीतरी पकडून आणलंय."

आणि ज्या सकाळी जहाज यायचं त्या सकाळी वारा फिरला.

लीटियानं खिडकी उघडली. काल मोकळं, निळंभोर असलेलं आखात पांढऱ्या लाद्यांनी भरून गेलं होतं. लाद्या एकमेकींना ढुशा देत, करकरत आत घुसत होत्या. त्यांच्या पलीकडे, पार आखाताच्या तोंडाशी, जहाज उभं होतं. इवलंसं, निळं-पांढरं. सगळं गाव किनाऱ्यावर जमलं. कुत्री भुंकायला लागली. कुणीतरी नगारा उचलून आणला होता, तो वाजवावा की नाही हे कुणालाच कळेना.

इक्पिकमध्ये घराघरात फडताळावर वायरलेस असतो आणि तो कधीच बंद नसतो. त्याच्यावर जहाजाच्या सफरीच्या प्रमुखाचा, ओड्वार नावाच्या नॉर्वेकराचा आवाज उघड्या दारांतून किनाऱ्यापर्यंत आला. बर्फ आत ढकललं जातंय, आज उतरता येणार नाही, फार फार दिलगीर आहोत, दुपारनंतर जहाज निघेल.

लीटिया गुडघे विसरून घरात धावली, आणि ऐकायला बाकीचेही आपापल्या घरांत. "आई! आई आहे का तिथं? लीटिया बोलतेय!"

खरखर झाली. मग तो आवाज, रविवारचा, पण किती जवळचा! "पोरी! अगं मला दुर्बिणीतून तुझं घर दिसतंय! हिरवं ना?"

"हिरवं मालायाचं. माझं त्याच्यामागचं, रंग उडालेलं."

"माझं घर छानच दिसतं," मालाया मधेच वायरलेसवर घुसली. "मागच्याच वर्षी रंगवलंय."

"मालाये, तोंडात बॅनक घाल आणि गप्प बस!" लीटिया ओरडली. अख्ख्या गावाच्या स्वयंपाकघरांतून खसखस पिकली. "आई, तू ये ना गं."

"नाही येऊ देत. फिरत्या बर्फात रबरी होड्या घालायच्या नाहीत असा नियमच आहे. मी भांडले, पोरी, खरंच भांडले. इतक्या जवळ येऊन..."

तेवढ्यात लीटियाचा धाकटा भाऊ साकिआसी दारात आला. बोलणं त्याला महाग पडतं, म्हणून तो सहसा बोलत नाही. इंजिनाच्या तेलाचे हात पँटला पुसत म्हणाला, "ओहोटी लागली की पूर्वेच्या कड्याखाली बर्फात फट उघडते. माझी होडी जाईल. ताई, तू पण येऊ शकतेस."

लीटियानं वायरलेसचं बटण सोडलं. "तुला माहीत आहे मी नाही येऊ शकत."

गावात सगळ्यांनाच माहीत होतं. ती नऊ वर्षांची असताना वडील अशाच फुटलेल्या बर्फात होडीसकट गेले. त्या शरदात आईनं तिला पुढ्यात बसवून, दोन्ही कान धरून बजावलं होतं, माझ्या परवानगीशिवाय फुटक्या बर्फात होडीत पाऊल टाकायचं नाही. साकिआसी तेव्हा आईच्या कोटाच्या, बाळ ठेवायच्या पाठीवरच्या टोपीत झोपलेला, त्याला कोण बजावणार? लीटियानं ते पाळलं. घट्ट बर्फावर ती कुत्र्यांमागून घसरगाडी हाकायची, मोकळ्या पाण्यात होडी चालवायची, पण उन्हाळ्याच्या तोंडाशी बर्फ फुटायला लागलं की ती किनाऱ्यावर. सगळ्या बायका नारव्हालच्या शिकारीला लाद्यांमधून जायच्या, हसत, ओरडत, आणि ही चहाची किटली घेऊन वाट बघायची. किती जळायची! आई परवानगी न देताच वारली. तेव्हा कुणी म्हणालं, आता तू मोकळी झालीस. त्यावर लीटिया भडकली होती, "मोकळी कशी? आई ओटावात आहे, तिला दात येताहेत!"

पुढे विचारायचं राहूनच गेलं. दुपट्यातल्या बाळाला कसं विचारणार? आणि मोठी झाल्यावर, आई नाहीच म्हणणार हे पक्कं ठाऊक असलं की कोण विचारायला जातं?

"मग विचार की," साकिआसी म्हणाला. "ती काय, तिथं उभी आहे."

लीटियानं बटण दाबलं. अख्खं गाव ऐकत होतं, पण तिला आता त्याची पर्वा नव्हती. तिनं सगळं सांगितलं. वडील, तो शरद ऋतू, ते कान धरणं. "आई, मी आजपर्यंत मोडलं नाही. आता तू सांग. मी येऊ?"

पलीकडून अगदी बारीक आवाज आला. "पोरी, मला काय कळतं बर्फातलं? मी बस पकडून कॉलेजला जाणारी मुलगी. मी कशी सांगू? तुला काही झालं तर?"

"कळायला नकोय गं. तू फक्त हो किंवा नाही म्हण. नाही म्हणालीस तर मी इथूनच हात हलवीन."

मालायासुद्धा चघळायची थांबली.

"थांब," तागालिक म्हणाली, आणि आवाज बदलला. "होडी कुणाची?"

"साकिआसीची."

"त्याला दे. साकिआसी, बाळा, इंजिन कसं आहे?"

पन्नाशीचा, आडदांड, कुणालाही न जुमानणारा साकिआसी फडताळासमोर ताठ उभा राहिला. "नवीन आहे, आई. दुसरंही जवळ ठेवतो."

"वारा वाढणार आहे का पडणार आहे?"

"पडतोय. संध्याकाळपर्यंत फट राहील."

"पाण्यात तरंगायचं जाकीट घालते का ही?"

"घालत नाही. म्हणते, त्यात जाड दिसते."

"पोरी!"

"घालते, घालते!" लीटिया मागून ओरडली.

मग एका दमात, "घाल जाकीट, डोक्याला नीट बांध, मधे बस, आणि ये. ये, पोरी. लवकर ये!"

गावात जो काय गलका उठला! नगारा धडाधडा वाजायला लागला, महापौर टाय फडकवत धावत सुटले, आणि मालायानं बॅनकची आख्खी पिशवी लीटियाच्या छातीशी कोंबली. "तिला सांग, मी केलेत. उरलेत तेवढे."

होडी सुटली. कड्याखाली पाणी काळं, चकचकीत होतं, आणि दोन्ही बाजूंना लाद्या, काही घराएवढ्या, कडांना हिरव्यानिळ्या. साकिआसी उभा राहून सुकाणू धरत होता, कुठं इंजिन वर उचलून वल्ह्यानं लादी ढकलत होता. एक लादी होडीला घासून करकरली तेव्हा लीटियानं होडीची कड घट्ट धरली. तिला वडील आठवले, त्यांचे हात आठवले. दुसरी लादी घासली. तिसरी. आणि मग काय झालं कोण जाणे, तिला हसू फुटलं. मोठ्ठं, पोटातून आलेलं हसू. "अरे, हे असं असतं होय रे! एवढी वर्षं तुम्ही सगळे हे एकटे एकटे खात होतात?"

"मधे बस, ताई!"

"मधेच आहे! डावीकडे बघ, फट! डावीकडे, आंधळ्या!"

खरंच फट होती. साकिआसीनं मुकाट्यानं होडी डावीकडे घातली.

जहाज जवळ आलं तसं ते उंच उंच होत गेलं. कठड्यावर लाल जाकिटांतली माणसं दाटीवाटीनं उभी, सगळ्यांच्या हातात कॅमेरे. जहाजाच्या कुशीला लोखंडी जिना सोडलेला, आणि त्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, पाण्यापासून वीतभर वर, एक बारकी पोरगी. ओड्वारनं तिचं जाकीट मागून घट्ट धरून ठेवलं होतं, नाहीतर ती पाण्यातच पडली असती.

लीटियानं वाक्य तयार ठेवलं होतं. स्वागत समितीची प्रमुख होती ती शेवटी. पण होडी जिन्याला टेकली, तागालिकनं तिचे दोन्ही हात पकडले, आणि वाक्य कुठच्या कुठं गेलं. लीटिया हमसून हमसून रडायला लागली.

"हात बघ तुझे! बर्फ झालेत!" तागालिक म्हणाली. तिनं लीटियाचे भिजलेले हातमोजे ओढून काढले, स्वतःचं जाकीट उघडलं, आणि ते खरबरीत, फरशा घासलेले हात सरळ आपल्या पोटाशी, कपड्यांच्या आत दाबून धरले. इकडच्या आया लेकरांचे हात असेच गरम करतात. तिला ते कुणी शिकवलं, विचारायचं कुणाला सुचलं नाही.

वरून एक पाहुणी बाई डोळे पुसत म्हणाली, "तुमच्या आजी ना?"

"नाही," तागालिक म्हणाली. "माझी मुलगी."

बाईला काही उमगलं नाही, पण तिनं मान हलवली. मालायाचे बॅनक वर गेले आणि क्षणात संपले. मग ओड्वारनं आकाशाकडे बघितलं, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि म्हणाला की आता निघायला हवं. लीटियानं हात सोडवून घेतले, नाक पुसलं. पुष्कळ झालं, तिला वाटलं, एवढंसुद्धा मिळालं नसतं. ती होडीत मधे जाऊन बसली.

तागालिक जिन्यावर उभीच होती. तिनं त्या लाद्यांकडे बघितलं. करकरत होत्या. मागे वळून ती ओड्वारला म्हणाली, "मी हिला घरी पोचवून येते."

"तागालिक, जहाज थांबणार नाही."

"नका थांबू. परवा पुढच्या गावात मी तुम्हाला गाठते."

"पोचवतो मी," साकिआसी म्हणाला. "सासुरवाडी आहे माझी तिथं. असंही तोंड दाखवायचं राहिलंय."

ओड्वारनं डोक्याला हात लावला. मग वाकून त्यानं स्वतःचं तरंगायचं जाकीट काढून तिच्या गळ्यात अडकवलं आणि तिला होडीत उतरायला हात दिला. कठड्यावरची लाल जाकिटं टाळ्या वाजवत होती.

होडी लाद्यांत शिरली. पहिली लादी कडेला घासली तशी तागालिक किंचाळली आणि तिनं लीटियाच्या दंडाला दोन्ही हातांनी मिठी मारली. चेहरा पांढराफटक. इतकं बर्फ तिनं जहाजाच्या काचेमागूनच पाहिलं होतं.

"आई, घाबरलीस?"

"खूप. खूप घाबरलेय, पोरी."

"अगं, मग आलीस कशाला? जहाजात छान उबेत बसायचं."

"आणि तुला एकटीला परत पाठवू यातून?" तागालिक डोळे गच्च मिटून म्हणाली.

लीटियानं तिला कुशीत ओढून घेतलं, आणि भावाला ओरडून सांगितलं की होडी हळू घे, आई घाबरतेय.