दोन गाड्यांमधली फट

दुचाकीवाल्यांचे किस्से जमवावे लागत नाहीत. हेल्मेट काढून कोणी चहाला बसला, की पहिला घोट घ्यायच्या आधी एक सांगून मोकळा होतो. मी रोज देवळीहून वर्ध्याला स्कूटरने कॉलेजच्या लायब्ररीत जाते. या वाटेवरच्या आम्ही दहा-बारा जणांनी एक गट केला. पुढारी ढोमणे सर, निवृत्त गणितशिक्षक. नियम दोनच: चालत्या गाड्यांच्या मधून घुसायचं नाही, आणि थांबलेल्यांमधून जायचं तर माणसाच्या चालीने. शिवाय एक मागणी, सिग्नलला दुचाक्यांसाठी पुढे वेगळी जागा आखा.

*

मागणी घेऊन आम्ही एका कचेरीत गेलो. साहेबांनी अर्ज नीट वाचला. ‘दोन लेनच्या मधून’ या शब्दांखाली पेनाने रेघ ओढली आणि विचारलं, लेन कुठे आहेत? सरांनी खिडकीतून रस्ता दाखवला. त्यावर एकही पट्टा नव्हता. पट्टे मारायचं ऑफिस वेगळं आहे, असं साहेबांनी सांगितलं.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, “चला, आज एक रेघ तरी भेटली.”

*

नामदेवकाका भाजी पिकवतात आणि मोपेडच्या दोन्ही बाजूंना टोपल्या बांधून स्वतःच विकायला आणतात. बैठकीत नियम ऐकून त्यांनी मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी सिग्नलला थांबलेल्या दोन ऑटोंच्या मधून ते निघाले, अगदी माणसाच्या चालीने. हँडल पार झालं, टोपल्या अडकल्या. मेथीच्या चार जुड्या ऑटोतल्या बाईंच्या मांडीवर पडल्या.

सिग्नल सुटला, मागे हॉर्न सुरू झाले. बाईंनी एक जुडी उलटून पाहिली आणि ताजी आहे का, म्हणून विचारलं.

काका म्हणाले, “आज सकायीच उपटली.”

*

फटीतून जाऊन वेळ किती वाचतो, हे सरांना मोजायचं होतं. मी थांबलेल्या गाड्यांमधून वाट काढत जायचं, ते रांगेतच राहणार. ठरल्या टपरीवर मी चार मिनिटं आधी पोचले. त्या चार मिनिटांत काय केलं, असं सरांनी येऊन विचारलं. तुमची वाट पाहिली, म्हटलं.

सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

*

गजाननचं वर्ध्यात इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या बाजूने घुसताना त्याचा पाय मोडला, तो अजून लंगडतो. ड्रायव्हरने आपल्याला बघूनही मुद्दाम दाबलं, असं तो प्रत्येक बैठकीत सांगायचा. ट्रकवाल्यांशी बोलायचं ठरलं तेव्हा तो येईना. बायको, सुनीता, त्याला घेऊन आली.

बोलायला आलेला ड्रायव्हर दुसराच होता, पन्नाशीचा, तळेगावचा. त्याने भाषण केलं नाही. रिकाम्या मैदानात ट्रक उभा केला, गजाननला हात देऊन कॅबिनमध्ये चढवलं आणि स्टिअरिंगमागे बसवलं. मग खाली येऊन सुनीताला डाव्या बाजूला, ट्रकला लागून उभं केलं.

“आता पाहा, भाऊ.”

गजाननने आरशात पाहिलं. दुसऱ्या आरशात पाहिलं. काचेतून पाहिलं. मग सुनीताला हाक मारली. तिने ओ दिली, पण आवाज कुठून आला ते त्याला कळेना.

शेवटी पाय जपत तो उतरला आणि ट्रकला वळसा घालून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“कुठं गेलती व तू?”

“मी कुठं जाईन?” सुनीता म्हणाली. “इथंच तं होती.”