भोंगाकाका मीच लिहिला

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला आम्ही सुरतेत, कतारगामात राहत होतो. नवरा बँकेत, मी मराठी शाळेत चौथीला शिकवायची. तिथल्या रिवाजाप्रमाणे मुलं मला 'बेन' म्हणत. शेजारच्या खोलीत खानदेशातून आलेलं कुटुंब होतं: नवरा, बायको आणि त्यांची मुलगी. मुलगी माझ्याच वर्गात. मुलीचा बाप यंत्रमागावर कामाला होता. वर्षानुवर्षं त्या खडखडाटात उभं राहून त्याचे कान गेले होते. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो साधं "चहा दे" म्हणाला तरी गल्लीच्या टोकाला कळायचं.

मला त्या दिवसांत गोष्टींचं वेड लागलं होतं. पोळ्या लाटताना, वह्या तपासताना, डोक्यात काही ना काही चालूच. पाठवलेल्या तीन गोष्टी परत आल्या होत्या. मग मी 'भोंगाकाका' लिहिली. भोंगाकाका शिंकला की कौलं उडतात, त्यानं मीठ मागितलं की शेजारच्या गावाहून मिठाची गाडी येते. निळी चौकड्यांची लुंगी, कानामागे धरलेला तळवा, सगळं शेजाऱ्याचं, जसंच्या तसं. बदलावं असं मनातही आलं नाही. लिहिताना मी एकटीच खुदखुदत होते.

ती गोष्ट पुण्याच्या एका मुलांच्या मासिकात छापून आली. मी अंक वर्गात नेला आणि मोठ्यानं वाचला. मुलं पोट धरून हसली. तिसऱ्या बाकावर त्याची मुलगी मान खाली घालून बसली होती. मला ते दिसलं. तरी मी गोष्ट शेवटपर्यंत वाचली.

दोनच दिवसांत आमच्या गल्लीत सुरू झालं. तो पाळी संपवून परतला की पोरं मागे लागत, कानांवर हात ठेवून "भोंगाकाका! भोंगाकाका!" ओरडत. त्याला ऐकू कुठं येणार? पोरं आपल्याशी खेळताहेत असं वाटून तो हसायचा, हात हलवायचा. मी खिडकीतून बघायची आणि आत वळायची.

एका रविवारी सकाळी तो अंक हातात घेऊन आमच्या ओट्यावर आला. मागे बायको, तिच्या पदराशी मुलगी.

"ताई, तुमचं नाव छापून आलं म्हणे!" तो गरजला. "माले वाची दखाडा ना!"

त्याला अक्षरओळख नव्हती. मी पान उघडलं. वर चित्र होतं: आ वासलेला माणूस, भोवती हादरणारी घरं. त्यानं त्यावर बोट ठेवलं. "हा कोण?"

"गावाचा राखणदार," मी म्हणाले.

"काय?"

"राखणदार!" मी ओरडले. आणि मग छापील ओळींवरून बोट फिरवत, त्यात नसलेली गोष्ट ओरडून सांगू लागले. नदीला पूर येतो, गाव झोपलेलं असतं, पण या माणसाचा आवाज इतका मोठा की एका हाकेत सगळे जागे होतात, पोरंबाळं घेऊन टेकडीवर चढतात. एकदाही अडखळले नाही. मुलगी पानाकडे बघत होती. तिला वाचता येत होतं.

"वाचले का सगळे?" त्यानं विचारलं.

"सगळे वाचले!"

"छान लिहिलं, ताई," असं म्हणून तो खुशीत घरी गेला.

बायको मात्र तिथंच थांबली. "पोरीनं मला खरी वाचून दाखवलीय," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यास्ले काही समजनं नही. मी सांगणार पण नाही. तुम्ही फक्त शाळेत पोरांना सांगा, की आमच्या माणसाला असं करू नका. तुमचं ऐकतील ती."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलंही, पण कसं? "कुणाच्या व्यंगाला हसू नये," एवढंच. जसं काही चूक त्यांचीच होती. ही गोष्ट मी लिहिली, ती लिहायला नको होती, हे माझ्या तोंडून निघालं नाही. मुलीनं त्यानंतर वर्गात कधी हात वर केला नाही. पुढच्या वर्षी ते सुरतेजवळच्या सचिन गावी राहायला गेले.

ओट्यावर सांगितलेली ती पुराची गोष्ट मी नंतर कागदावर उतरवली आणि त्याच मासिकाला पाठवली. ती लगेच छापली गेली. तुमच्या लिहिण्यात माया आहे, असं संपादकांनी कळवलं. माझ्या पहिल्या पुस्तकात ती सुरुवातीलाच आहे. शाळांमधून बोलावणं येतं, तेव्हा मुलं तीच मागतात, आणि ही कशी सुचली असं कुणी विचारलं की मी म्हणते, "आमच्या शेजारी एक गृहस्थ होते, त्यांच्यावरून." पुढचं सांगत नाही. सचिन काही फार लांब नव्हतं. पुस्तक घेऊन जावं असं कितीदा ठरवलं, पण दार ती मुलगी उघडेल या भीतीनं गेले नाही.