कूलरची पिन

मे महिना, मंगळवार. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरायचं होतं. राजापेठेतला बॅटरीवाला आला. त्याचं बोलणं 'काहून'नं, म्हणजे 'का'नं, सुरू होतं.

"काहून साहेब, कूलर इन्व्हर्टरवर जोडला?"

"गरमी किती होऊन राहिली," माझे यजमान म्हणाले.

"मंग लाइट गेल्यावर बाईचं श्वासाचं मशीन किती चालन?"

झोपेत माझा श्वास अडतो. कूलर बॅटरी संपवतो, मशीन बंद पडतं आणि मी गुदमरून उठते.  बॅटरीवाल्यानं पकडीनं कूलरची पिन कापून खिशात टाकली.

"काहून म्हणून विचारू नका."

त्या रात्री गेलेली लाइट उजाडेपर्यंत आली नाही. मशीन मात्र चालत राहिलं. सकाळी मी ताजीतवानी उठले, घामेजलेल्या यजमानांना चहा दिला आणि नवी पिन बसायच्या आत कूलर अकोल्याला दिरांकडे पाठवून दिला.