होजपाइपचं शेपूट

चौतीस वर्षं मी प्लान्टच्या फायर ब्रिगेडात आगी विझवल्या, आन रिटायर झाल्यापासून आठ वर्षं दर हनुमान जयंतीले लंका पेटवून राहिलो. इकडं हिंदी मुलखात, हुडको कॉलनीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमधी संध्याकाळी माहं एकपात्री लंकादहन असते. असते म्हणजे काय, गाजते बापा! शेपूट म्हणून मी कमरेले कंडम झालेला कॅनव्हासचा होजपाइप बांधतो. ज्या पाइपानं आग विझवाची, त्यानंच पेटवाची! हे माह्या ध्यानात आठ वर्षांत एकदाही आलं नाही, यावरून या जानरावाचं, म्हणजे माहं, डोकं किती चालते ते समजून घ्या.

उड्या मारतो. गुडघे नाही म्हणतात, पण त्याईचं ऐकते कोण? मंग लंकेतल्या लोकाईचं बोंबलणं. ते माहं खास. म्हातारे, बायका, लेकरं, ढोरं, सगळ्याईचे आवाज मी एकटाच काढतो. लोक हासून हासून एकमेकाईच्या अंगावर पडतात. मंडळाचा सेक्रेटरी सुमंत, ज्याचं मराठी दोन वाक्यांत संपते, तोही म्हणते, "काका, एकदम एक नंबर!"

फक्त एक ठकूबाई. आमच्याच गल्लीत लेकाजवळ राहते. पहिल्या रांगेत बसते, सीतेच्या दुःखात पदरानं डोळे पुसते, आन राक्षस शेपटाले चिंध्या गुंडाळाले लागले की उठून बाहेर. दर वर्षी! ऐन आगीच्या टायमाले! मले असा राग ये की बस. बाईले माहं नाव झालेलं पाहवत नाही, असं मी ठरवून टाकलं. मथुरा, म्हणजे माही बायको, म्हणे, "जाऊन इचारा ना तिले." मी म्हणलं, कलाकार असा घरोघरी इचारत फिरत नाही. कलाकार म्हणे! एकदा आरशात पाह्यलं असतं, तर पाइप गुंडाळलेला ढेरपोट्या दिसला असता.

यंदा मी शक्कल काढली. आरतीचं ताट तिच्याच हाती द्याचं, म्हणजे उठता येणार नाही. आदल्या दिवशी सकाळी गेलो. ठकूबाई सुपात तांदूळ निवडून राहिली होती.

"ठकूबाई, यंदा ताट तुमच्या हाती. शेवटपर्यंत बसा लागते."

"नाही जमत, भाऊ."

"कावून?"

तिनं सूप बाजूले ठेवलं. "तुमी आमच्याकडं आलते ना एकदा. लाल गाडी घेऊन. कुम्हारी गावाच्या अलीकडं अकरा झोपड्या जळाल्या, त्या उन्हाळ्यात."

आलतो. वारा कुठून होता, पाणी किती लागलं, सगळं ध्यानात होतं. बाई ध्यानात नव्हती.

"मागं गाय बांधेल होती. मी दावं सोडून राहिली होती, पण गाठ आवळली होती. तुमी मले दंडाले धरून ओढलं. इचारलं, आत कोणी माणूस आहे काय? माणूस तर नव्हतं. मी नाही म्हणलं." तिनं पुन्हा सूप मांडीवर घेतलं. "तुमी लंकेतली ढोरं ओरडवता ना भाऊ, तशीच ओरडत होती ती. हुबेहूब जमते तुमाले."

अशी तारीफ माही जन्मात कोणी केली नाही. मी चहा न घेताच उठलो. त्या दिवशीच्या रिपोर्टात "जीवितहानी: निरंक" असं मी माह्याच हातानं लिहिलं होतं. साहेबानं पाठ थोपटली होती, आन ते थोपटणं मी अजून पाहुण्याईले सांगतो.

घरी येऊन मथुरेले म्हणलं, "राक्षसच होते ना ते सगळे?"

"होते ना. पण लंकेतल्या गाईनं काय सीतेले पळवलं होतं?"

घ्या आता. मारुतीवर माही भक्ती आहे, त्याच्या शेपटाची इन्क्वायरी लावणारा मी कोण? पण त्या बोंबलण्यावर लोकाईले हासवत होता तो मारुती नव्हता, मी होतो. मले लाज वाटली. लय वाटली. जेवणही गेलं नाही, आन माहं जेवण सहसा चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. आरतीचं ताट मी ठकूबाईले दिलं नाही. कथा शेपटापर्यंत आली. राक्षसाईनं चिंध्या गुंडाळल्या, तेल ओतलं. ठकूबाईनं उठाले जमिनीवर हात टेकला. चौतीस वर्षांची सवय म्हणा, माह्या तोंडातून निघालं, "आत कोणी आहे काय? माणूस, ढोर, कोणीही?"

मारुती घरोघरी दारं वाजवू लागला. म्हाताऱ्याईले पाठीवर घेतलं, लेकरं काखेत मारली. गल्लीमागून गल्ली. लंका काय लहान आहे? पाऊण तास गेला. सुमंत स्टेजखालून खुणा करून राहिला होता, "काका, आग कब लगेगी? प्रसाद ठंडा हो रहा है!"

"थांब, एक गोठा राह्यला," मी म्हणलं.

दावं कसं सोडते ते दाखवाले मी कमरेच्या पाइपाची गाठ धरली. सुटेना! फायरमनची गाठ, घामानं आवळलेली, वरून माहं पोट. ओढलं, पोट आत घेतलं, गोल फिरलो. लोकाईले वाटलं हीच यंदाची गंमत, मस्त हासले. मी मात्र गाठच ओढत राह्यलो.

ठकूबाई उठली. गेली, मी मनात म्हणलं. पण ती दाराकडं नाही, स्टेजवर आली. माह्या पुढं उकिडवी बसली आन नखानं गाठ उकलू लागली. हसणं हळूहळू थांबलं. किती वेळ लागला, दीड मिनिट असंल. गाठ सुटली, पाइप खाली पडला. ती उठता उठता माह्यापुरतं बोलली.

"मले तेव्हाही एवढाच टाइम पायजे होता, भाऊ."